गुप्त किल्लीची जपणूक: हार्डवेअर वॉलेटची मांडणी व सुरक्षित वापर

हार्डवेअर वॉलेट या नावाने ओळखले जाणारे उपकरण दिसावयास अगदी साधे असते. हाताच्या मुठीत मावेल एवढी एक डबी, तिच्यावर लहानसा पडदा, एक-दोन बटणे आणि संगणकास जोडावयाची एक तार, एवढाच त्याचा पसारा. वॉलेट म्हणजे पैशांचे पाकीट. त्यामुळे या पाकिटात बिटकॉइनसारखे कूटचलन भरून ठेवलेले असते, असा अनेकांचा समज होतो. हा समज चुकीचा आहे आणि पुढील बहुतेक चुका त्यातूनच उद्भवतात. म्हणून हे उपकरण कसे वापरावे हे पाहण्यापूर्वी त्यात काय असते व काय नसते, हे समजून घेणे इष्ट ठरेल.

यंत्रात काय असते?

बिटकॉइनची जगभर पसरलेली एकच हिशेबवही आहे. 3 जानेवारी 2009 रोजी तिचे पहिले पान तयार झाले आणि आज तिच्या प्रती देशोदेशींच्या हजारो संगणकांवर ठेवलेल्या आहेत. कोणत्या पत्त्यावर किती रक्कम जमा आहे, हे या वहीवरून कळते. नाणे म्हणून वेगळी अशी वस्तू कोठेही नाही. वहीतील नोंद हेच नाणे. रक्कम एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर हलवावयाची असेल, तर त्या आदेशावर पहिल्या पत्त्याच्या मालकाची अंकीय स्वाक्षरी असावी लागते. ही स्वाक्षरी ज्या गुप्त संख्येच्या साहाय्याने केली जाते, तिला आपण येथे गुप्त किल्ली म्हणू. हार्डवेअर वॉलेटमध्ये असते ती ही किल्ली.

जुन्या मराठी पत्रव्यवहारात मजकुराच्या अखेरीस मोर्तब उमटवीत असत. पत्र येथे संपले, याखाली कोणी काही अधिक लिहिल्यास ते मूळ पत्रातील नव्हे, असा त्याचा अर्थ होई. अंकीय स्वाक्षरी याच्याही पुढे जाते. आदेशातील एक अक्षर जरी मागाहून बदलले, तरी ती स्वाक्षरी त्यास लागू पडत नाही. मात्र एका बाबतीत जुना शिक्का आणि ही नवी किल्ली यांची स्थिती सारखीच आहे. शिक्का खरा आहे की नाही, एवढेच वही पाहते. तो चोरून उमटवला, की मालकाला फसवून त्याच्याच हातून उमटवून घेतला, याची चौकशी ती करीत नाही. चुकून गेलेली रक्कम परत आणून देणारा अधिकारीही तिच्यापाशी नाही.

सामान्य संगणकावर अशी किल्ली ठेवणे धोक्याचे असते, कारण त्यावर नाना प्रकारचे कार्यक्रम चालतात आणि त्यांतील एखादा हेरगिरी करणारा असू शकतो. यावर उपाय म्हणून 2014 मध्ये प्राग येथील सातोशीलॅब्स या संस्थेने ट्रेझर नावाचे यंत्र विक्रीस आणले. चेक भाषेत या शब्दाचा अर्थ तिजोरी असा आहे. पुढे फ्रान्समधील लेजर व इतर उत्पादकांचीही यंत्रे आली. सर्वांचे मूळ तत्त्व एकच. संगणक आदेशाचा मसुदा यंत्राकडे पाठवतो, यंत्र आतल्या आत त्यावर स्वाक्षरी करते आणि केवळ स्वाक्षरी बाहेर देते. किल्ली यंत्राबाहेर पडत नाही.

स्वतः किल्ली सांभाळण्याची आवश्यकता का भासावी? विनिमयसंस्थेत खाते उघडून कूटचलन तेथेच ठेवले, तर किल्ली त्या संस्थेच्या हाती असते आणि ग्राहकाजवळ उरते ती केवळ मागणी. फेब्रुवारी 2014 मध्ये टोकियोतील माउंट गॉक्स आणि नोव्हेंबर 2022 मध्ये एफटीएक्स या संस्था बुडाल्या, तेव्हा लक्षावधी लोकांना या दोहोंतील अंतर उमगले. परंतु स्वतः किल्ली बाळगणाऱ्याने हेही जाणले पाहिजे की, आता बँक, पहारेकरी आणि हिशेबनीस ही तिन्ही कामे त्याच्याच शिरावर आली आहेत.

बारा शब्दांचे गणित

गुप्त किल्ली ही एक प्रचंड संख्या असते. ती हाताने उतरवून घेणे कठीण आणि उतरवताना चूक होणे सोपे. या अडचणीवर 2013 मध्ये एक तोडगा सुचवण्यात आला आणि तो आता बहुतेक यंत्रांनी स्वीकारला आहे. त्यासाठी 2048 सोप्या शब्दांची एक ठराविक यादी करण्यात आली. यंत्र आतल्या आत यदृच्छेने एक संख्या निर्माण करते आणि तिचे रूपांतर या यादीतील 12 किंवा 24 शब्दांत करून दाखवते. त्यांना बीजशब्द म्हणता येईल, कारण सर्व पत्ते आणि त्यांच्या किल्ल्या याच बीजातून ठरलेल्या गणिताने उगवतात.

प्रत्येक शब्द म्हणजे 11 द्विमान अंक. 12 शब्दांचे 132 अंक होतात. त्यांपैकी 128 यदृच्छेने निवडलेले असतात आणि उरलेले 4 पडताळणीसाठी असतात. 128 द्विमान अंकांतून जितक्या निरनिराळ्या संख्या संभवतात, त्यांची गणती 39 अंकी आहे. एकेक करून त्या तपासून पाहणे कोणत्याही यंत्रास शक्य नाही. म्हणून चोर शब्द ओळखण्याच्या भानगडीत पडत नाही. ते मालकाकडूनच काढून घेण्याची युक्ती तो योजतो.

यातून दोन निष्कर्ष निघतात. यंत्र मोडले, हरवले अथवा जळाले तरी शब्द शाबूत असल्यास दुसऱ्या यंत्रात ते घालून सर्व काही परत मिळते. उलट, शब्द दुसऱ्याच्या हाती गेले तर यंत्र कपाटात कुलूपबंद असूनही रक्कम जाते. यंत्र बदलता येते; शब्दांना पर्याय नाही.

या मानकात इंग्रजीखेरीज जपानी, स्पॅनिश, फ्रेंच, चेक अशा काही भाषांतील याद्या आहेत, परंतु कोणत्याही भारतीय भाषेतील यादी नाही. आपल्याकडील वाचकाला बहुधा इंग्रजी शब्दच उतरवून घ्यावे लागतील. ते देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहून ठेवू नयेत. वर्षांनंतर त्या उच्चारावरून मूळ वर्णलेखन ठरवताना घोटाळा होण्याचा संभव असतो. पडद्यावर दिसतील तसेच, रोमन लिपीत, सुट्या अक्षरांत व क्रमांक घालून ते लिहावेत. यादीतील प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे इतरांहून वेगळी ठेवलेली आहेत. त्यामुळे शेवटचे एखादे अक्षर पुसट झाले तरी शब्द ओळखता येतो.

पहिली मांडणी

यंत्र उत्पादकाकडून किंवा त्याने मान्य केलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावे. कोणी वापरलेले यंत्र स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. खोक्यात आधीच शब्द लिहिलेला कागद मिळाला, तर तो सापळा आहे असे निश्चित समजावे. ते शब्द कागद लिहिणाऱ्यासही ठाऊक असतात आणि आपण रक्कम जमा करताच तो ती काढून घेतो. खोक्यावरील मोहोर पाहावी, पण तिच्यावर विसंबू नये, कारण मोहोरेची नक्कल करता येते. संगणकावरील सोबतचा कार्यक्रम उत्पादकाच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकित करून तेथूनच घ्यावा. शोधयंत्रात वर झळकणाऱ्या जाहिरातींतून तो घेऊ नये. यंत्र खरे आहे की नाही याची तपासणी हा कार्यक्रम करतो व यंत्रातील आज्ञावली अद्ययावत करून देतो.

त्यानंतर नवे वॉलेट तयार करावयास सांगावे. शब्द यंत्राच्या पडद्यावर दिसतील. त्या वेळी खोलीत आपण एकटे असावे. समोर कॅमेरा असू नये. शब्द हाताने कागदावर लिहावेत आणि यंत्राने विचारल्यावर पुन्हा पडताळून पाहावेत. मग यंत्राचा पिन ठरवावा. हा पिन यंत्र उचलून नेणाऱ्याला अडवण्यासाठी आहे. लेजरच्या यंत्रात लागोपाठ 3 वेळा पिन चुकल्यास आतील माहिती पुसली जाते. ट्रेझरमध्ये प्रत्येक चुकीनंतर थांबण्याचा काळ वाढत जातो.

यापुढची पायरी पुष्कळ लोक गाळतात, आणि तीच सर्वांत मोलाची आहे. प्रथम अगदी थोडी रक्कम यंत्राच्या पत्त्यावर घ्यावी. एका बिटकॉइनचे 10 कोटी भाग पडतात, तेव्हा अल्प रकमेची अडचण नाही. नंतर यंत्रातील सर्व माहिती जाणूनबुजून पुसून टाकावी आणि कागदावरील शब्दांवरून ती पुन्हा उभी करावी. रक्कम पूर्ववत दिसू लागली, तर कागद बरोबर लिहिला गेला आहे याची खात्री पटते. शब्द उतरवण्यात झालेली चूक याच दिवशी उघडकीस आली तर नुकसान क्षुल्लक असते. पाच वर्षांनी आली तर ते भरून येत नाही.

शब्द कोठे ठेवावेत?

बीजशब्दांचे छायाचित्र घेऊ नये. ते मोबाइलमध्ये, ई-मेलमध्ये अथवा संगणकावरील कोणत्याही टिपणात ठेवू नयेत. असे केल्यास किल्ली संगणकापासून दूर ठेवण्याचा सारा खटाटोप व्यर्थ जातो. कागदाला ओल, वाळवी आणि आग यांचे भय असते. यासाठी पोलादी पट्टीवर शब्द कोरून ठेवण्याची पद्धत आहे. भांड्यांवर नावे घालून देणाऱ्या दुकानदाराकडून मात्र हे काम करून घेऊ नये. अक्षरे ठोकण्याचे साधे ठसे आणून ते स्वतःच करावे. एक प्रत घरी व दुसरी अन्यत्र, उदाहरणार्थ बँकेच्या लॉकरमध्ये, असावी.

ज्यांची रक्कम मोठी आहे, त्यांना आणखी दोन उपाय उपलब्ध आहेत. एक म्हणजे बीजशब्दांना स्वतःच्या मनातील एका गुप्त वाक्याची जोड देणे. जानेवारी 2020 मध्ये क्रॅकेन या विनिमयसंस्थेच्या सुरक्षा प्रयोगशाळेने असे दाखवून दिले की, त्या वेळची ट्रेझर यंत्रे सुमारे 15 मिनिटे हाती लागल्यास त्यांतून बीज बाहेर काढता येते. गुप्त वाक्य यंत्रात साठवलेले नसल्याने ते जोडणाऱ्यांना या हल्ल्यापासून संरक्षण मिळते. पण हे वाक्य विसरल्यास शब्द असूनही रक्कम मिळत नाही. दुसरा उपाय अदी शमीर या गणितज्ञाने 1979 मध्ये मांडलेल्या पद्धतीवर आधारलेला आहे. तीत गुपिताचे, समजा, तीन हिस्से केले जातात आणि त्यांपैकी कोणतेही दोन एकत्र आले तरच ते उलगडते. काही यंत्रांत ही सोय असते.

सर्वांत मोठा धोका मात्र गोड बोलण्याचा आहे. 2020 मध्ये लेजरच्या ग्राहकांची माहिती फुटली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात सुमारे 2,72,000 जणांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक उघड झाले. कोणाचीही किल्ली त्यातून गेली नाही. परंतु त्यानंतर ग्राहकांना कंपनीच्या नावाने बनावट पत्रे येऊ लागली; काहींच्या घरी तर बनावट यंत्रेही पोहोचली. सर्वांचा रोख एकच: आपले शब्द येथे भरा. यास्तव एक नियम पक्का करावा. मूळ यंत्रात ते परत उभे करण्याच्या वेळेखेरीज बीजशब्द कोठेही, कोणालाही, कोणत्याही कारणासाठी सांगावयाचे नाहीत. खरी कंपनी ते कधीही विचारत नाही.

स्वाक्षरीपूर्वीचे वाचन

शब्द सुरक्षित असूनही रक्कम जाऊ शकते, ती चुकीच्या आदेशावर स्वाक्षरी केल्याने. संगणकावर नकललेला पत्ता चिकटवताना गुपचूप बदलून टाकणारे कार्यक्रम अस्तित्वात आहेत. म्हणून पाठवण्याचा पत्ता व रक्कम यंत्राच्या लहान पडद्यावर अथपासून इतिपर्यंत वाचावी. केवळ पहिली व शेवटची काही अक्षरे जुळवून पाहणे पुरेसे नाही, कारण तेवढ्यापुरते साम्य असलेले पत्ते मुद्दाम तयार केले जातात. रक्कम स्वीकारतानाही आपला पत्ता यंत्राच्याच पडद्यावर पाहून घ्यावा. संगणकाचा मोठा पडदा सोयीचा असतो, पण विश्वास ठेवावयाचा तो लहान पडद्यावर.

या नियमाचे महत्त्व अलीकडच्या दोन घटनांवरून स्पष्ट होते. 18 जुलै 2024 रोजी वझीरएक्स या भारतीय विनिमयसंस्थेच्या वॉलेटमधून सुमारे 23 कोटी डॉलरचे कूटचलन गेले. 21 फेब्रुवारी 2025 रोजी बायबिट या संस्थेतून सुमारे 150 कोटी डॉलरची चोरी झाली. दोन्ही ठिकाणी एकाहून अधिक जणांच्या स्वाक्षऱ्या आवश्यक होत्या आणि हार्डवेअर वॉलेटही वापरात होती. स्वाक्षरी करणाऱ्यांना संगणकावर नेहमीचा व्यवहार दिसत होता. प्रत्यक्षात स्वाक्षरी झाली ती वेगळ्याच आदेशावर. यंत्राने किल्ली चोख सांभाळली होती. आदेशाचा अर्थ यंत्राच्या पडद्यावर सुबोधपणे दिसत नसेल, तर स्वाक्षरी न करणे हाच शहाणपणा होय.

वारसांचा प्रश्न

अखेरीस, बहुतेकांच्या मनात न येणाऱ्या एका गोष्टीचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. बँकेतील ठेवीचा मालक निवर्तला, तर वारस कागदपत्रे दाखवून ती मिळवू शकतात. विस्मरणात गेलेल्या ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये उद्गम नावाचे संकेतस्थळही सुरू केले. कूटचलनाच्या वहीपुढे वारसाचा दाखला चालत नाही. तेथे मृत्यूची नोंद होत नाही. किल्ली आली नाही एवढेच तिला कळते, आणि रक्कम सर्वांना दिसत असूनही कोणाची होत नाही.

म्हणून पत्नीला, पतीला किंवा मुलांना एवढे तरी ठाऊक असावे की अशी ठेव आहे. तिचे यंत्र कोठे आहे, शब्दांची प्रत कोठे आहे आणि मदत मागण्यास विश्वासू असे कोण आहे, हे एका पत्रात साध्या भाषेत लिहावे. त्या पत्रात बीजशब्द लिहू नयेत. खरेदीच्या तारखा व किमतीही नोंदवून ठेवाव्यात, कारण 1 एप्रिल 2022 पासून भारतात अशा मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर 30 टक्के कर लागू करण्यात आला आणि किल्ली स्वतःजवळ ठेवल्याने तो टळत नाही. पत्र लिहून झाले की ज्याच्यासाठी लिहिले त्याला ते एकदा वाचावयास द्यावे. त्याला जे कळले नाही, ते आपण हयात असतानाच समजावून सांगता येईल.