समुद्रकाठी फोन चार्ज होत नाही? पोर्टमधलं मीठ बघा

केबल लावली की चार्जिंगचं चिन्ह येतं आणि दोन सेकंदांत जातं. केबल जरा वाकडी धरली की परत येतं. कधी एका बाजूने लावली तर चालते, उलटी करून लावली तर नाही. मालवण, तारकर्ली, देवबाग, कुठेही विचारा, ‘चार्जिंग होना नाय’ ही तक्रार ऐकू येणारच. मी मालवणात राहतो आणि मित्रांचे, नातेवाइकांचे असे फोन सतत माझ्या हातात येतात. बहुतेकांना वाटतं बॅटरी गेली. पण वर सांगितलेली लक्षणं असतील तर आधी संशय घ्यायचा तो जोडणीवर, म्हणजे केबलची पिन आणि फोनचा पोर्ट जिथे एकमेकांना टेकतात त्या जागेवर.

या विषयावरचे बहुतेक सल्ले एका ओळीत संपतात: फोन भिजला, वाळवा, झालं. किनाऱ्यावर ते पुरत नाही. इथे पोर्टमध्ये पाण्याबरोबर मीठही जातं, आणि पाणी वाळलं तरी मीठ तिथेच राहतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. फोन पाण्यात पडायलाच हवा असं नाही. जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाताना होडीत उडणारे तुषार, ओल्या हाताने लावलेली केबल, एवढंही पुरतं. मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर याहून कोरड्या हवेतही पाणी ओढतात. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता बहुतेक वेळ 75 च्या वरच असते. म्हणजे दुपारी वाळवलेला पोर्ट रात्री पुन्हा आतून ओला! ‘पोर्टमध्ये ओलावा आहे’ ही सूचना आठवड्यानंतरही का येते, याचं कोडं इथे सुटतं. फोन पिनांमधला विद्युतरोध मोजतो. खारट ओल त्याला लगेच कळते. तो खोटं बोलत नसतो.

आता अशा ओल्या पोर्टला चार्जर लावला तर काय होतं? पाण्याचं विघटन व्हायला सुमारे 1.23 व्होल्ट पुरतात. चार्जर देतो 5, फास्ट चार्जिंगमध्ये 9 किंवा त्याहून जास्त. पिनांवर सोन्याचा मुलामा असतो, पण तो अतिशय पातळ, आणि केबल काढून-घालून झिजतो. खाली निकेल आणि तांबं. वीज चालू असताना धन बाजूच्या पिनचा धातू अक्षरशः विरघळून बाहेर येतो. पोर्टमध्ये दिसणारी हिरवट बुरशी म्हणजे तांब्याचे क्षार. नुसत्या ओलाव्याने जे व्हायला महिने लागतील, ते चार्जर लावलेला असेल तर एका रात्रीत होऊ शकतं.

त्यातही एक बारकावा आहे. दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलमध्ये, पलीकडे फोन आहे याची खूण पटेपर्यंत चार्जर वीज सोडत नाही. जुन्या चौकोनी तोंडाच्या, म्हणजे टाइप-ए अडॅप्टरवर मात्र 5 व्होल्ट कायम हजर. म्हणून समुद्रावरून आल्या आल्या त्या अडॅप्टरची केबल फोनमध्ये खुपसणं सगळ्यात वाईट.

पिनांवर गंज चढला की संपर्काचा रोध वाढतो. चांगल्या संपर्कात तो 40 मिलिओहमच्या आत असतो. 3 अँपिअर प्रवाहाला तिथे साधारण 0.36 वॅट वाया जातात. तोच रोध 0.3 ओहम झाला तर 2.7 वॅट, म्हणजे छोट्या एलईडी बल्बइतकी वीज त्या इवल्याशा फटीत उष्णता बनते. फोन व्होल्टेज पडलेलं ओळखून प्रवाह कमी करतो, म्हणून आधी फास्ट चार्जिंग गायब होतं. पिन चटका बसेल इतकी तापत असेल तर केबल काढा, पुढचे प्रयोग नकोत.

दोष शोधायचा कसा?

आधी दुसरी केबल, मग दुसरा अडॅप्टर. फोन बंद करून टॉर्चच्या उजेडात पोर्ट बघा. पिन पूर्ण आत जात नसेल, ‘टक्’ होत नसेल, तर खिशातला धुरळा तळाशी दाबून बसलाय. तो लाकडी टूथपिकने कडेकडेने हलकेच उकरा. सुई, टाचणी, सेफ्टी पिन अजिबात नाही, मधली जीभ मोडली की संपलं.

उलटसुलट चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण ती फुकट आहे. टाइप-सी पोर्टमध्ये ओळख पटवणारे दोन संपर्क असतात, एकेका दिशेसाठी एक. केबल बदलूनही फोन एकाच दिशेने चार्ज होत असेल, तर फोनच्या पोर्टमधला त्यातला एक संपर्क गेलाय असं समजायला हरकत नाही.

मीठ काढायचं कसं?

आपले मच्छीमार आऊटबोर्ड इंजिन गोड्या पाण्याने धुतात, ते उगाच नाही. मीठ पाण्यानेच निघतं. फोन आयपी 67 किंवा 68 दर्जाचा असेल, काच फुटलेली नसेल आणि कधी उघडून दुरुस्त केलेला नसेल, तर बंद करून, सिम ट्रे घट्ट लावून, पोर्ट हलक्या धारेखाली गोड्या पाण्याने धुवा. लक्षात घ्या, या दर्जाची चाचणी गोड्या पाण्यात होते, समुद्राच्या नाही. मग पोर्ट खाली धरून तळहातावर हलके आपटा आणि पंख्याखाली 24 तास ठेवा. हेअर ड्रायर नको. तांदळाचा डबाही नको. अ‍ॅपलनेही 2024 मध्ये त्याविरुद्ध सांगितलं, कारण त्याचे कण आत जातात.

ज्या फोनला असा दर्जा नाही त्याला धारेखाली धरू नका. तो बंद ठेवून त्याच दिवशी दुकानात न्या आणि ‘खारं पाणी गेलंय’ हे स्पष्ट सांगा. तिथे बहुधा आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतील. पण मीठ त्यात जवळजवळ विरघळतच नाही. आधी ब्रशने डिस्टिल्ड वॉटर, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच, आणि मग पाणी घालवायला आयपीए, असा क्रम हवा. पेट्रोल किंवा थिनरने धुणारा दिसला तर फोन परत घ्या.

एवढा खटाटोप कशाला? मे 2021 मध्ये तौक्ते वादळानंतर आपल्याकडे अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. लोक दुचाकीवर, गाडीत फोन चार्ज करत होते. अशा वेळी तासभर वीज मिळाली आणि तुमचा पोर्ट ‘केबल वाकडी धरा’ म्हणत असेल, तर तो तास गेला.

पोर्ट खरंच गेला असेल तरी लगेच नवा फोन नको. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये तो वेगळ्या छोट्या सब-बोर्डवर असतो आणि मदरबोर्डला हात न लावता बदलता येतो. तुमच्या मॉडेलमध्ये तसं आहे का ते आधी विचारा. आणि काउंटरवरून हलण्याआधी केबल दोन्ही दिशांनी लावून बघा.