संगणक हँग होतो तेव्हा : वीज, उकाडा आणि दमट हवा

टेबलावरचा संगणक काम करता करता मध्येच थिजणे, म्हणजे बोलीभाषेत 'हँग होणे', हे तापासारखे केवळ एक लक्षण आहे, आणि त्यामागची कारणे परस्परांहून अगदी भिन्न असू शकतात. तरीही दुरुस्तीच्या दुकानात आणि कार्यालयांत या तक्रारीवर बहुधा एकच उपाय सुचवला जातो, तो म्हणजे 'फॉरमॅट मारणे'. फॉरमॅट म्हणजे संगणकाच्या साठवणीवरची सर्व मांडणी पुसून विंडोजसारखी कार्यप्रणाली नव्याने बसवणे होय. बिघाड कार्यप्रणालीतच असेल तर हा उपाय लागू पडतो. पण तो विजेत, उष्णतेत किंवा एखाद्या गंजलेल्या जोडणीत असेल तर चार दिवसांनी यंत्र पुन्हा हँग होते, आणि मधल्या काळात दाखले, हिशेब व छायाचित्रे मात्र कायमची गेलेली असतात. रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर या तालुक्यांची हवा आणि तेथील वीजपुरवठ्याची स्थिती पाहता कारणाचा शोध भिंतीवरच्या सॉकेटपासून सुरू करून सर्वांत शेवटी सॉफ्टवेअरपर्यंत नेणे हाच क्रम योग्य ठरतो.

महाडहून रायगड किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे नाते हे गाव या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या टापूत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा जराही हटत नाही, आणि डोंगरांनी वेढलेल्या या खोऱ्यांत एप्रिल-मे महिन्यांत उकाडा असह्य होतो. याच रायगड जिल्ह्यातील भिरा येथे मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. नाते हे चिंतामणराव देशमुख यांचे जन्मगाव. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री म्हणून ते सर्वांना माहीत आहेत, पण १९४५ ते १९६४ या काळात ते कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे अध्यक्ष होते आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १९५५-५६ च्या सुमारास, भारतातला पहिला अंकीय संगणक इंग्लंडहून त्या संस्थेत आला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या त्या पिढीच्या यंत्रांना स्थिर वीज आणि थंड, कोरडी खोली पुरवावी लागे. आजचा संगणक त्यांच्या तुलनेत कितीतरी काटक आहे. तथापि त्याच्या गरजा त्याच आहेत, आणि त्या पुऱ्या होत नसल्याचे तो हँग होऊन कळवतो.

उपाय करण्यापूर्वी यंत्र नेमके कसे थांबते याचे निरीक्षण करावे लागते. पडद्यावरचा बाण हलत असेल आणि एकच खिडकी 'प्रतिसाद देत नाही' असे दाखवत असेल, तर दोष बहुधा त्या एका प्रोग्रॅमपुरता असतो. सगळेच अर्धा-एक मिनिट अडते, कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहतो आणि मग काम पुन्हा चालू होते, असे होत असेल तर साठवणीकडे किंवा अपुऱ्या रॅमकडे संशय वळतो. बाण जागीच खिळला, चालू असलेला आवाज एकाच सुरात घरघरू लागला, तर कीबोर्डवरची कॅप्स लॉक ही कळ दाबून पाहावी. तिचा छोटा दिवा पेटत-विझत असेल तर कार्यप्रणालीचा गाभा अजून जागा आहे असे समजावे. दिवा जागचा हलत नसेल तर यंत्र पूर्णपणे थिजलेले असते, आणि अशा वेळी वीज, उष्णता, रॅम, मदरबोर्ड किंवा एखादा ड्रायव्हर, म्हणजे जोडलेल्या उपकरणाशी कार्यप्रणालीचा संवाद घडवणारा छोटा प्रोग्रॅम, यांपैकी काहीतरी बिघडलेले असण्याचा संभव अधिक. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, चालू असलेले काम आणि बाहेरची हवा यांची नोंद एका वहीत ठेवली, तर त्या नोंदींतूनच कारण पुष्कळदा स्पष्ट होऊ लागते.

विजेचा विचार विस्ताराने करणे आवश्यक आहे. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा मानला जातो. पण डोंगराळ भागात वाहिन्या लांबवर जातात, गावातल्या डीपीपासून, म्हणजे रोहित्रापासून, शेवटच्या घरापर्यंतचे अंतर वाढत जाते, आणि त्याच वाहिनीवर पिठाची गिरण किंवा शेतीपंप सुरू झाला की दिवे क्षणभर मंदावतात. हा क्षण माणसाला जाणवतो न जाणवतो, पण संगणकाला तो जाणवतो. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला असलेला एसएमपीएस हा डबा २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या स्थिर दिष्ट विजेत रूपांतर करतो, आणि पुरवठा तुटला तरी आपल्यातल्या कॅपॅसिटरांमध्ये साठवलेल्या ऊर्जेवर सेकंदाचा साधारण साठावा भाग यंत्र तगवून धरतो. एसएमपीएस जुना झाला की कॅपॅसिटर सुकतात आणि ही तग धरण्याची शक्ती घटते. मग व्होल्टेज किंचित घसरले तरी १२ व्होल्टची धारा तिच्या मर्यादेखाली, म्हणजे ११.४ व्होल्टच्या खाली, जाते, आणि प्रोसेसर किंवा हार्ड डिस्क मध्येच चुकते. कधी संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो, तर कधी नुसताच थिजतो. स्टॅबिलायझरचा किंवा यूपीएसचा 'टक्' असा आवाज आणि पडदा थिजणे या दोन गोष्टी वारंवार एकाच वेळी घडत असतील, तर फॉरमॅटचा विचार सोडून द्यावा आणि दुसऱ्या चालू संगणकाचा एसएमपीएस तात्पुरता लावून पाहावा.

यूपीएसच्या बाबतीत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. त्याचा दिवा हिरवा आहे म्हणजे तो काम करतो आहे, असे धरले जाते. वास्तविक त्यातली १२ व्होल्टची छोटी सीलबंद बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांतच क्षीण होते, उष्ण हवेत त्याहूनही लवकर, आणि त्यानंतर तो डबा केवळ वीज पुढे पाठवणारी जोडणी उरतो. संगणक बंद करून, यूपीएसला एखादा दिवा जोडून त्याचा प्लग काढल्यास तो किती वेळ टिकतो हे सहज कळते. ज्या घरांत किंवा कार्यालयांत संगणक इन्व्हर्टरवर चालतो, तेथे इन्व्हर्टरच्या मागचा छोटा खटका पाहावा. अनेक इन्व्हर्टरांवर साधी आणि यूपीएस अशा दोन स्थिती असतात. साध्या स्थितीत बॅटरीवर जाण्यास लागणारा वेळ पंख्या-दिव्यांना चालतो, संगणकाला तो जास्त होतो. पण यूपीएस स्थितीत व्होल्टेज थोडे घसरले तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, त्यामुळे जेथे व्होल्टेज सतत कमी असते तेथे बॅटरी लवकर खाली होते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

अर्थिंगकडे तर बहुतेकांचे लक्षच जात नाही. जमिनीत पुरलेल्या पट्टीभोवतीची माती उन्हाळ्यात सुकली की विजेला होणारा रोध वाढतो, आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येऊ लागतात. असा संगणक प्रिंटरला जोडला की थिजतो किंवा प्रिंटर सापडत नसल्याचे सांगतो. सॉकेटमधील न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज वायरमनने मोजले आणि ते दोन-तीन व्होल्टांहून बरेच अधिक आढळले, तर आधी अर्थिंग दुरुस्त करून घ्यावे. येथे प्रश्न यंत्रापुरता राहत नाही, माणसाच्या जिवाचा होतो.

उष्णतेचे कारण ओळखण्यास तुलनेने सोपे आहे. सकाळी नीट चालणारा आणि दुपारी हँग होणारा संगणक बहुधा तापलेला असतो. प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा आणि त्यावर पंखा असतो. पात्यांच्या फटींत धूळ आणि चुलीच्या धुराची चिकट काजळी साचली की पंखा फिरत असूनही उष्णता बाहेर पडत नाही. ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये लावलेले करडे थर्मल पेस्ट काही वर्षांत सुकून भेगाळते आणि अडचणीत भर घालते. प्रोसेसरचे तापमान ९५ ते १०० अंशांच्या आसपास गेले की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग घटवतो किंवा यंत्र बंद करतो. सफाईसाठी संगणकाचा प्लग काढून कॅबिनेट ओटीवर किंवा अंगणात न्यावे, आधी त्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार उतरवावा, आणि मऊ ब्रश व ब्लोअर वापरावा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, कारण वाऱ्याने अतिवेगात फिरल्यास त्याची बेअरिंग खराब होऊ शकतात. कॅबिनेट उघडलेले असतानाच मदरबोर्डवरचे दंडगोलाकार कॅपॅसिटर नजरेखालून घालावेत. एखाद्याचा माथा फुगलेला किंवा ओघळलेला दिसला तर बिघाड तेथेच आहे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तयार झालेले सदोष कॅपॅसिटर जगभर असंख्य संगणकांच्या बिघाडाला कारण ठरले होते.

पावसाळ्यात चित्र बदलते. या दिवसांत धुळीच्या थरात ओल मुरते आणि तोच थर अंशतः वीजवाहक बनतो. शिवाय रॅमच्या पट्टीवरच्या सोनेरी टोकांवर आणि तिच्या खाचेत मळकट पापुद्रा धरतो. रॅम म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती धरून ठेवणारी स्मृती. तिच्या शेकडो टोकांपैकी एकाचाही संपर्क क्षणभर तुटला तरी प्रोसेसरला चुकीचा आकडा मिळतो आणि यंत्र जागीच थांबते. यावरचा परिचित उपाय खरोखर उपयुक्त आहे. पट्टी काढून तिची सोनेरी कडा शाळेतल्या मऊ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसावी, रबराचा चुरा ब्रशने पूर्णपणे झटकावा, आणि पट्टी पुन्हा बसवताना बाजूचा खटका आपोआप मिटेपर्यंत दाबावी. खाचेत मात्र रबर किंवा ओले कापड घालू नये. एवढ्यानेही सुधारणा झाली नाही तर पेनड्राइव्हवरून चालणारी मेमटेस्ट ही चाचणी रात्रभर चालू ठेवावी. तिच्यात एक जरी चूक निघाली तरी ती पट्टी, किंवा ती बसवलेली खाच, विश्वासार्ह राहिलेली नाही असे समजावे. वापर नसला तरी पावसाळ्यात संगणक रोज तासभर चालू ठेवण्याची कोकणातली रीत शास्त्राला धरून आहे, कारण यंत्राची स्वतःची ऊब आतली ओल हटवते. कॅबिनेट जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवावे, आणि मुंग्या, पाली व मातीची घरटी बांधणारी कुंभारीण माशी यांना मागची उघडी भोके मोकळी मिळू नयेत म्हणून तेथे पत्र्याच्या पट्ट्या बसवून घ्याव्यात.

हार्ड डिस्कचा बिघाड मात्र वेगळ्या गांभीर्याने घ्यावा लागतो. फिरत्या तबकडीवरचा एखादा कप्पा वाचता येईनासा झाला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते आणि तेवढा वेळ सारे काम खोळंबते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारखे मोफत प्रोग्रॅम ती दाखवतात. खराब झालेल्या आणि बदली दिलेल्या कप्प्यांची संख्या वाढत असेल तर डिस्क बदलणे अपरिहार्य आहे. संशय येताच पहिले काम तपासणीचे नसून प्रत काढण्याचे आहे, कारण आजारी डिस्कवर लांबलचक तपासणी चालवल्यास तिचे उरलेले आयुष्यही त्यातच संपू शकते. क्वचित दोष डिस्कचा नसून तिच्या सैल झालेल्या केबलचा असतो, म्हणून नवी डिस्क घेण्यापूर्वी केबल बदलून पाहणे शहाणपणाचे ठरते.

यानंतरच सॉफ्टवेअरकडे वळावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्यावर उघडणारा टास्क मॅनेजर कोणता प्रोग्रॅम किती रॅम खातो हे दाखवतो. चार जीबी रॅमवर ब्राउझरची अनेक पाने आणि दोन-दोन अँटिव्हायरस चालवले तर कोणताही संगणक अडखळेल. सेफ मोडमध्ये, म्हणजे केवळ अत्यावश्यक ड्रायव्हरांसह सुरू केल्यावर, यंत्र तासन् तास सुरळीत चालत असेल तर दोष नव्या ड्रायव्हरचा किंवा प्रोग्रॅमचा असण्याची शक्यता मोठी. विंडोजमधील इव्हेंट व्ह्यूअर ही नोंदवहीही पाहावी, पण तिच्यातल्या 'कर्नल-पॉवर ४१' या नोंदीचा अर्थ यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले इतकाच असतो. ते का बंद पडले हे ती नोंद सांगत नाही. विंडोज १० साठीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, तेव्हा जुन्या यंत्रांवरची सुरक्षेची बाजूही आता स्वतंत्रपणे पाहावी लागणार आहे. या साऱ्या शोधात एका वेळी एकच बदल करून दोन-तीन दिवस थांबणे, हा नियम मोडला की कशाने गुण आला हे कधीच कळत नाही.

२२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा दुकाने आणि तळमजले चिखलाने भरले. पुरात भिजलेला संगणक वाळला असे वाटून लगेच चालू करणे घातक असते. त्यातली डिस्क न चालवता जाणकाराकडे देणे हाच माहिती वाचवण्याचा मार्ग उरतो. या तालुक्यांतील शाळांनी, ग्रामपंचायतींनी आणि दुकानदारांनी दरवर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, संगणक उघडून साफ करावा, यूपीएसची बॅटरी आणि अर्थिंग तपासून घ्यावे, आणि सर्व कामाच्या दोन प्रती काढून त्यांपैकी एक पुराच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असलेल्या दुसऱ्या इमारतीत ठेवावी.