माहूर
माहूर : नांदेड जिल्ह्याच्या उत्तर भागातील तीर्थक्षेत्र, शिखरसमूह व गिरिदुर्ग. पैनगंगेच्या वळणातील सागवानी वनात रेणुका, दत्तात्रेय व अनसूया ही तीन शिखरे आहेत. मातापूर हे त्याचे जुने नाव. देवीच्या साडेतीन पीठांपैकी हे एक असून येथे रेणुकेचे केवळ मुख पूजिले जाते. परशुरामाने वेळेपूर्वी मागे पाहिल्याने तेवढेच प्रकटले, अशी आख्यायिका आहे. दत्तात्रेयामुळे महानुभावांनाही हे क्षेत्र पूज्य आहे.

रेणुका शिखरालगतचा माहूरगड गोंड, बहमनी, इमादशाही व मोगल सत्तांकडे होता. अकबराच्या काळी माहूर वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार होते. बापाविरुद्ध बंड करणारा शाहजादा खुर्रम (पुढे शाहजहान) १६२३ मध्ये माघार घेताना येथे आला होता. हत्ती दरवाजा, महाकाली बुरूज व तटाचे अवशेष पाहण्याजोगे असले, तरी देवदर्शनास आलेले यात्रेकरू तिकडे क्वचितच वळतात.

शिखरांकडे मोटाररस्ते झाल्यापासून रानातील जुन्या पाऊलवाटा मागे पडल्या. त्या टिकून आहेत त्या मुख्यतः श्रावण पौर्णिमेच्या परिक्रमेमुळे. तीत हजारो भाविक ऐन पावसात ओढे व चिखल तुडवीत सर्व स्थाने पायी फिरतात. एरवीच्या पदभ्रमणास पावसाळ्यानंतरचे दिवस सोयीचे. उन्हाळ्यात हे पानझडी रान उघडे पडते व सावली दुर्मिळ होते.