रिकामी तागडी सरळ, तरी माल कमी कसा?

(आजच्या एपिसोडचं लेखी रूप. बसमध्ये हेडफोन विसरला असाल तर हे वाचा.)



आज शाळेतलाच एक धडा काढूया. बल लावलं की वस्तू सरकते, हे सगळ्यांना आठवतं. पण वस्तू एका जागी अडकवलेली असेल तर ती सरकत नाही, फिरते. या फिरवण्याच्या परिणामाला मराठीत परिबल म्हणतात, इंग्लिश मीडियमवाले त्याला मोमेंट म्हणतात. परीक्षेत आपण सूत्र लिहिलं, मार्क घेतले आणि विषय संपवला. पण हेच सूत्र आठवडी बाजारात आणि रद्दीवाल्याच्या हातात लटकत असतं. हो, तागडी! आणि तिथे प्रश्न मार्कांचा नसतो, पैशांचा असतो.

आधी दार उघडू

घरातलं दार कडेला एका बोटानं ढकला. सहज उघडतं. आता तेच बोट बिजागरीजवळ लावा आणि ढकला. घाम निघेल. दार तेच, बोट तेच, बदललं फक्त अंतर.

सूत्र एवढंच:

परिबल = बल × टेकूपासूनचं लंब अंतर

बल न्यूटनमध्ये आणि अंतर मीटरमध्ये घेतलं, तर उत्तर न्यूटन-मीटरमध्ये येतं. म्हणजे फिरवण्याची ताकद दोन गोष्टींवर ठरते: किती जोर लावला आणि किती लांबून लावला. दुसरी गोष्ट आपण नेहमी विसरतो. आजचा सगळा खेळ तिथेच आहे.

तागडी वजन मोजतच नाही

तागडी ही पहिल्या प्रकारची तरफ. मध्ये टेकू, एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला लोखंडी वजनं. दांडी आडवी थांबली म्हणजे दोन्हीकडची परिबलं सारखी झाली. वजनं सारखी झाली असं दांडी कुठेच म्हणत नाही! ते आपण गृहीत धरतो, कारण दोन्ही भुजा सारख्या लांबीच्या आहेत असं आपण मानतो.

आता भुजा सारख्या नसतील तर? समजा मालाच्या बाजूची भुजा २५ सेंमी आहे आणि वजनाच्या बाजूची २४ सेंमी. फरक फक्त १ सेंमीचा. लांबून कुणाच्या लक्षातही येणार नाही. वजनाच्या पारड्यात १ किलो ठेवलं.

१००० × २४ = माल × २५
माल = ९६० ग्रॅम

(इथे बल न्यूटनमध्ये घ्यायची गरज नाही. गुरुत्वाकर्षण दोन्ही बाजूंना सारखंच आहे, त्यामुळे ते कटतं.)

काटा मधोमध, दांडी सरळ आणि पिशवीत ४० ग्रॅम कमी. २०० रुपये किलोच्या मालात ८ रुपये गेले. एका गिऱ्हाइकाला ही रक्कम किरकोळ वाटेल, पण दिवसभरात १०० किलो विकले तर ४ किलो मालाचा फरक पडतो.

"रिकामी करून दाखवतो ना!"

तुम्ही शंका काढली की समोरून हेच उत्तर येतं. पारडी रिकामी केली जातात, दांडी सरळ राहते आणि आपण गप्प बसतो.

पण रिकाम्या पारड्यांनाही वजन असतं. मालाचं पारडं ४८० ग्रॅमचं आणि दुसरं ५०० ग्रॅमचं असेल तर गणित बघा. दांडीचं स्वतःचं वजन सध्या बाजूला ठेवू.

४८० × २५ = १२०००
५०० × २४ = १२०००

परिबलं सारखी, दांडी सरळ. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर हा असा बग आहे, की एम्प्टी इनपुट दिलं की टेस्ट पास होते. खरा डेटा टाकला की चूक सुरू होते आणि मालाचं वजन वाढेल तशी तीही वाढत जाते.

मग खरी टेस्ट कोणती?

अदलाबदल. माल वजनाच्या पारड्यात आणि वजनं मालाच्या पारड्यात. बस, दहा सेकंदांचं काम. तागडी खरी असेल तर दांडी पुन्हा सरळ राहील. आपल्या उदाहरणात मात्र ९६० ग्रॅम माल २४ सेंमीवर गेला आणि १ किलो २५ सेंमीवर. वजनाचं पारडं धाडकन खाली!

आता त्याच मालाला तोलायला वजनाच्या बाजूला किती लागेल? ९६० × २४ ÷ २५ = ९२१.६ ग्रॅम. म्हणजे एकाच मालाची दोन वजनं मिळाली: १००० आणि ९२१.६. दोघांचा गुणाकार करा आणि वर्गमूळ काढा. उत्तर नेमकं ९६०! तागडी खोटी, तरी वजन खरं निघालं. ही गाउस या जर्मन गणितज्ञाच्या नावानं ओळखली जाणारी दुहेरी तोलाची पद्धत. भुजा किती लांब आहेत हे माहीत असायचीही गरज नाही.

आणि एक लक्षात ठेवा, प्रत्येक वेळी लबाडीच असते असं नाही. वापरून दांडी वाकते, कडी सरकते, टेकूची धार झिजते. चूक उलट्या बाजूला गेली तर विकणाऱ्या मावशींचंच नुकसान होतं, आणि त्यांनाही ते कळत नाही. रद्दी देताना आपण विकणारे असतो, तेव्हा हाच हिशोब उलटा लागतो. म्हणून व्यापारातले वजन-काटे ठरावीक मुदतीनं तपासून त्यावर शिक्का मारायची सोय वैध मापन कायद्यात आहे. शिक्का बघायला मागणं हा भांडणाचा मुद्दा नाही, आपला हक्क आहे.

डिजिटल काट्यावर सुटलो का?

नाही! बऱ्याच डिजिटल काट्यांच्या पोटात धातूची एक छोटी दांडी असते. माल ठेवला की ती किंचित वाकते आणि तिच्यावर चिकटवलेले सेन्सर ते वाकणं मोजतात. वाकवतं कोण? परिबलच. माल मध्यापासून लांब ठेवला तर जास्तीचं परिबल येतं, आणि ते आकड्यात उतरू नये अशी सेन्सरची मांडणी केलेली असते. म्हणून इथली टेस्ट वेगळी: तीच वस्तू आधी मधोमध ठेवा, मग एकेका कोपऱ्यावर. आकडा ठळकपणे बदलला तर काटा दुरुस्तीला गेलाय.

घरचा अभ्यास

३० सेंमीची पट्टी पेन्सिलीवर मधोमध तोला. एका बाजूला मध्यापासून ६ सेंमीवर सारखी दोन नाणी एकावर एक ठेवा. दुसऱ्या बाजूला तसंच एकच नाणं कुठे ठेवाल? उत्तर आधी कागदावर काढा, मग करून बघा आणि कमेंटमध्ये टाका.

'पारडं जड' म्हणताना आपण फक्त वजनाचा विचार करतो. यापुढे एक प्रश्न जास्तीचा विचारा: ते पारडं टेकूपासून किती लांब आहे?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा, तोलून बघत राहा!