जुळ्यांचं वजन

दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. फलटणकडच्या एका वाड्यावर मात्र एकेकीच्या मागे दोन-दोन कोकरं पळतात असं कानावर आलं, म्हणून गेलो.

वाड्यावरच्या मावशी ताणकाट्याला झोळी अडकवून रात्री जन्मलेली कोकरं तोलत होत्या. एकुलतं तीन किलोच्या वर भरलं. मग जुळी: एक सव्वादोन, दुसरं पावणेदोन. "दोनच्या खाली गेलं की माझ्या झोपेचं खोबरं," मावशी म्हणाल्या आणि पावणेदोनवाल्याला पदराखाली घेतलं. ओल्या लोकरीचा आणि चिकाचा वास त्यांच्या लुगड्यालाच बसला होता.

हे जुळेपण सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं. त्यामागे फेक-बी नावाचा एका जनुकातला बदल आहे; तो नेमका कुठे आहे हे 2001मध्ये कळलं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तो दख्खनीत आणला. पण गरोळ म्हणजे पंधराएक किलोची चिमुकली मेंढी. जनुकाबरोबर तिची खुरटी चणही आली. जुळं होणं एका जनुकावर ठरतं, अंगाची वाढ मात्र अनेक जनुकांच्या थोड्याथोड्या देण्यावर. म्हणून पिढ्यानपिढ्या दख्खनीशी उलटा संकर करायचा, रक्त तपासून फेक-बी असलेलीच राखायची आणि चण पुन्हा दख्खनी करायची. हे चिकाटीचं काम, त्याला दाद द्यायलाच हवी.

तरी पोटात वाटेकरी आला की वजन घटतंच. बाहेर आल्यावर आईला सड दोन, दूध मात्र एकापुरतं. थोरलं ढुशी मारून सड बळकावतं. मावशी मेंढीला गुडघ्यांत दाबून धाकट्याचं तोंड सडाला लावतात, उरलेली भूक शेळीच्या दुधाने भागवतात. दोनच्या खाली, म्हणजे रात्रीतून तीनदा उठणं.

जुळी जगली तर तीन महिन्यांनी दोघांचं मिळून वजन एकुलत्यापेक्षा जास्त भरतं, आणि बाजारात पैसाही. हा फायदा खराच. पण जनुकाच्या हिशेबात मावशींचं जागरण कोणी धरत नाही, आणि मला तो हिशेब अर्धाच वाटतो.

या बदललेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला मेंढा घेतलात, तर त्याच्या सगळ्या लेकींत ते उतरेल. तो घरी आणण्याआधी दावणीला एक दुभती शेळी बांधा, आणि रात्री उठणार कोण, तेही घरात ठरवून घ्या.