विश्लेषण : मुलांवर पाळत ठेवली की ती वाट चुकत नाहीत?

अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला की ‘आईवडिलांचे लक्ष कुठे होते?’ आणि ‘संगत कोणाची होती?’ हे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. संशोधन याविषयी काय सांगते?

जिव्हाळ्याने काय होते?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हिर्शी यांनी कॅलिफोर्नियातील शाळकरी मुलांची पाहणी करून १९६९ मध्ये ‘सामाजिक बंधा’चा सिद्धान्त मांडला. मुले गुन्हा का करतात, यापेक्षा बहुतेक मुले तो का करत नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. मोहाच्या क्षणी पालक जवळ नसतात. पण जिव्हाळा असेल तर ‘आईला काय वाटेल’ हा विचार मुलाला मागे खेचतो, असे त्यांचे म्हणणे.

मग लक्ष ठेवणे पुरेसे?

स्वीडनमध्ये हॉकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी १४ वर्षांच्या ७०३ मुलांचा अभ्यास केला. तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांविषयी जास्त माहिती असलेल्या पालकांची मुले कमी वाट चुकतात, हे त्यात दिसले. मात्र ही माहिती मुख्यत: चौकशीतून किंवा नियमांतून मिळालेली नव्हती. मुलांनीच ती आपणहून सांगितली होती. अर्थात, गैरकृत्य करणारी मुले मुळातच लपवाछपवी करतात, हेही यामागचे एक कारण असू शकते.

मित्रांचा प्रभाव किती?

मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ होता. मित्र सोबत असताना किशोरांनी एकटे असतानापेक्षा जास्त धोका पत्करला. प्रौढांमध्ये असा फरक फारसा दिसला नाही.

कायदा काय म्हणतो?

भारतात २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाची काळजी घेण्याची पहिली जबाबदारी कुटुंबाची आहे. त्याला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. समज देऊन घरी पाठवणे, समुपदेशन, पालकांच्या देखरेखीखाली सोडणे असे पर्याय मंडळापुढे असतात.

पालकांनी काय करावे?

मोबाइल तपासून मुलाचे मित्र कोण, हे कळेल. त्याच्या मनात काय चालले आहे, ते कळेलच असे नाही. खरे सांगितल्यावर मारच बसणार असेल, तर मूल पुढची चूक घरी सांगणार नाही, मित्रांनाच सांगेल. त्यामुळे चुकीबद्दल जाब विचारण्याआधी ती पूर्ण ऐकून घेणे महत्त्वाचे.