डोंगल मागून काढा, टेबलावर आणा

मोबाइलवर सुरळीत वाजणारा बिनतारी हेडफोन डेस्कटॉपला जोडला की आवाज तुटू लागतो, कधी जोडणीच सुटते. मग बहुतेक जण ड्रायव्हर नव्याने टाकतात, नाहीतर नवा हेडफोन घेतात. पैसे खर्च करण्याआधी एकदा वाकून कॅबिनेटच्या मागची बाजू पाहा. ब्लूटूथचा डोंगल, म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये खोचायचा छोटा तुकडा, बहुधा तिथेच असतो.

ब्लूटूथ चालते २.४०२ ते २.४८० गिगाहर्ट्झ या पट्ट्यात. या पट्ट्याच्या ७९ वाहिन्या पाडलेल्या असतात आणि गाणे वाजताना संगणक व हेडफोन सेकंदाला १६०० वेळांपर्यंत वाहिनी बदलतात. शेजारच्या वायफायने त्यातल्या वीसेक वाहिन्या अडवल्या, तर त्या वगळून उरलेल्यांवर काम चालवण्याची सोय २००३ पासून ब्लूटूथमध्ये आहे. त्यामुळे वायफायला सरसकट दोष देणे मला पटत नाही.

खरा त्रास अनेकदा डोंगलजवळच्याच निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या पोर्टमधून येतो. त्यातून सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने माहिती धावते. त्या वेगामुळे निर्माण होणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झचा सगळा पट्टा व्यापतो. सगळ्याच वाहिन्यांवर गोंगाट, तर उडी मारायची कुठे? इंटेलने २०१२ मध्ये याची मोजमापे प्रसिद्ध केली. यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क जोडताच या पट्ट्यातला गोंगाट सुमारे २० डेसिबलने, म्हणजे जवळपास शंभरपट वाढलेला दिसला. अशा हार्ड डिस्कच्या शेजारी खोचलेल्या नखाएवढ्या डोंगलची अवस्था काय होत असेल! त्यात पुढे पत्र्याचे कॅबिनेट. ब्लूटूथच्या लहरी पत्रा अडवतो आणि पाण्याने भरलेले आपले शरीर शोषून घेते.

उपाय स्वस्त आहे. मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या आणि डोंगल टेबलावर, हेडफोनच्या नजरेसमोर ठेवा. केबल यूएसबी २.० च्या पोर्टला लावा. ब्लूटूथ मदरबोर्डवरच असेल, तर मागच्या दोन सोनेरी स्क्रूंवर अँटेना बसवलेले आहेत का ते पाहा. ते फक्त वायफायचे समजून पुष्कळदा खोक्यातच राहतात, पण ब्लूटूथही त्यांच्यावरच चालते. हेडफोन यादीत दिसतच नसेल, तर आधी मोबाइलचे ब्लूटूथ बंद करा. तो तिकडेच जोडला गेलेला असतो.

मीटिंग सुरू होताच आवाज डब्यातून आल्यासारखा झाला, तर कारण वेगळे. हेडफोनचा माइक चालू झाला की जुने ब्लूटूथ संगीताची वाट सोडून फोनच्या संभाषणाची वाट धरते. आवाजाचे नमुने सेकंदाला ४४,१०० वरून १६,००० किंवा ८,००० वर येतात. ही बिघाडाची खूण नव्हे. सेटिंगमध्ये माइक म्हणून वेबकॅमचा माइक निवडा, हेडफोनमधला आवाज पूर्ववत होईल.